फेब्रुवारीतील शालेय उत्सव : नाशिकमधील नव्या शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाकडे सांस्कृतिक विभाग हमखास सोपवला जातो आणि फेब्रुवारी उजाडला की त्या जबाबदारीची खरी कसोटी लागते. शिवजयंती, गाडगेबाबांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन आणि राष्ट्रीय विज्ञान दिन हे सगळे दहा दिवसांत येतात, त्यांच्या आगेमागे माघातले सण असतात आणि नेमक्या त्याच काळात शाळेत बोर्डाची परीक्षा सुरू असते. नाशिकच्या शाळेत हा विभाग मी बरीच वर्षे सांभाळला आहे. नव्याने काम हाती घेणाऱ्यांची जी धावपळ दर वर्षी दिसते, ती थोडी कमी व्हावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह सांगतो. ज्या दिवसाचा कार्यक्रम करायचा, तो दिवस का पाळला जातो हे आधी शिक्षकाला नेमके ठाऊक असले पाहिजे आणि मुलांच्या हाताला मिळणारे काम त्या कारणातूनच निघाले पाहिजे. तसे झाले नाही की सगळे दिवस एकाच साच्यातले होतात. प्रतिमापूजन, प्रास्ताविक, तीन भाषणे, आभार आणि खाऊ एवढेच उरते, आणि आज कोणाची जयंती होती हे चौथीच्या मुलाला संध्याकाळी सांगता येत नाही.

१. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तारखा आणि तिथी शेजारी मांडा

फेब्रुवारीतील दिवसांचे दोन प्रकार आहेत. शिवजयंती (१९), जागतिक मातृभाषा दिन (२१), गाडगे महाराज जयंती (२३), मराठी भाषा गौरव दिन (२७) आणि विज्ञान दिन (२८) हे तारखेने पाळले जातात. माघी गणेश जयंती, वसंत पंचमी, रथसप्तमी आणि महाशिवरात्र हे सण तिथीने येतात, त्यामुळे ते दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये ती १५ फेब्रुवारीला आली, तर २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे २०२७ मध्ये ती थेट ६ मार्चला आहे. म्हणून गेल्या वर्षीचे नियोजनपत्रक तारखा न बदलता पुढे ओढू नका. पंचांग किंवा भिंतीवरचे कॅलेंडर, शासनाची सुट्ट्यांची यादी आणि शाळेचे वार्षिक नियोजन ही तिन्ही एकत्र ठेवून नवा तक्ता करा.

त्याच तक्त्यात परीक्षा मंडळाचे वेळापत्रक लाल शाईने भरा. अलीकडच्या वर्षांत बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दहावीची तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. तुमची शाळा परीक्षा केंद्र असेल, तर २७ तारखेला सभागृह, बाके आणि निम्मे सहकारी तुमच्या हाती नसतील हे गृहीत धरा. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला सुरू होतो आणि विद्यार्थी दहापासूनच फाटकाशी जमू लागतात, तेव्हा कार्यक्रम सकाळी साडेसातला सुरू करून नऊच्या आत आटोपणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. तेही जमणार नसेल तर कार्यक्रम आदल्या दिवशी घ्या. बाहेर लेझीम घुमत असताना आत कोणाचे तरी वर्षभराचे कष्ट कागदावर उतरत असतात, याची जाणीव संयोजकाला असायलाच हवी.

२. परवानग्या आणि कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा

कार्यक्रम शाळेच्या आवारात असेल तर मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी पुरते. मिरवणूक, ग्रंथदिंडी किंवा प्रभातफेरी रस्त्यावर न्यायची असेल तर मात्र स्थानिक पोलीस ठाण्याकडे वेळेत अर्ज द्यावा लागतो आणि त्यात मार्ग, वेळ, विद्यार्थ्यांची संख्या आणि जबाबदार शिक्षकांची नावे नमूद करावी लागतात. फाइलमध्ये पुढील कागद असू द्या :

- त्या दिवसासंबंधीचे शासनाचे किंवा शिक्षण विभागाचे परिपत्रक
- मुख्याध्यापकांच्या सहीचे नियोजनपत्रक आणि खर्चाचा अंदाज
- आवाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांचे संमतीपत्र, त्यावर चालू असलेला मोबाइल क्रमांक
- पोलीस परवानगीची प्रत, आणि ध्वनिक्षेपक लावणार असाल तर त्याचीही
- सहभागी मुलांची वर्गवार यादी व शिक्षकांच्या जबाबदाऱ्यांचा तक्ता
- सर्व खरेदीच्या मूळ पावत्या

ध्वनिक्षेपकाबाबत एक गैरसमज फार रुजलेला आहे. शाळा आपली असल्यामुळे आवाज कितीही ठेवला तरी चालतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शासनाला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. प्रांगणात हातातला छोटा ध्वनिक्षेपक भागवतो, भाड्याने ध्वनिक्षेपकांच्या मोठ्या भिंती आणण्याची गरज नाही.

खर्चाची तरतूद सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या निधीतून, होणार की शाळा व्यवस्थापन समिती काही भार उचलणार, हे जानेवारीतच ठरवून घ्या. हार आणि फुले ऐन वेळी आणली जातात, त्यांची पावती राहून जाते आणि मार्चअखेर हिशेब जुळत नाही, असे फार वेळा घडते.

३. माघातील सण : थोडके आणि सर्वांना सामावणारे

वसंत पंचमीला, म्हणजे माघ शुद्ध पंचमीला, अनेक शाळांत सरस्वतीपूजन होते. ते पाच मिनिटांत आटोपून त्या दिवशी मुलांना परिसरातील झाडे पाहायला नेणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण वसंताची चाहूल देणारा हा सण आहे आणि पळस फुलायला लागतो, आंब्याला मोहोर येतो, तो याच सुमारास.

रथसप्तमीला सूर्यनमस्कार घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. माघ शुद्ध सप्तमी ही सूर्याची तिथी मानली जाते आणि त्या दिवशी सूर्याचा रथ उत्तरेच्या वाटेला वळतो अशी श्रद्धा आहे. नाशिकची सकाळ या दिवसांत चांगलीच गार असते, म्हणून आधी मुलांना मैदानाला दोन फेऱ्या मारू द्या आणि मग बारा नमस्कार घ्या. भरल्या पोटी नमस्कार घालू नयेत हे बहुतेकांना ठाऊक असते, पण काही मुले आदल्या रात्रीपासून उपाशी आलेली असतात हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारा.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात आणि त्या निमित्ताने पुष्कळ शाळा माता-पालक मेळावा ठेवतात. तो अवश्य ठेवा, पण निमंत्रणात आणि वाण देताना विधवा माता व अन्य धर्मांच्या माता बाजूला पडणार नाहीत याची काळजी आधीच घ्या. तिळगूळ आणि एखादे बालपुस्तक वाण म्हणून प्रत्येकीला दिले की कोणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

महाशिवरात्रीला सुट्टी असते. आदल्या दिवशी परिपाठात दहा मिनिटे काढून त्र्यंबकेश्वराच्या ज्योतिर्लिंगाची आणि पंचवटीतल्या कपालेश्वराची माहिती द्या. कपालेश्वराच्या समोर नंदी नाही, आणि रामकुंडाचे माहात्म्य सांगणाऱ्या नंदीला शंकराने गुरू मानले म्हणून तो समोर बसत नाही, ही कथा शहरातल्या मुलांनाही नवी असते.

४. शिवजयंती : गावाजवळच्या इतिहासापासून सुरुवात करा

शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर झाला. शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया ही जन्मतिथी जेधे शकावली या जुन्या कालक्रमवार टिपणातील नोंदीवरून अभ्यासकांनी स्वीकारली आणि तिच्याशी जुळणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने मान्य केली. त्याआधी वैशाख शुद्ध द्वितीया, १६२७ ही तिथी प्रचारात होती. आजही काही मंडळे तिथीनुसार जयंती करतात, म्हणून "सर, पुन्हा एकदा जयंती कशी?" असा प्रश्न मार्चमध्ये मुले विचारतात, त्याचे उत्तर तयार असू द्या. उत्सवाचा उगमही सांगावा : महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा रचून प्रसिद्ध केला, आणि लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ उभी करून पुढील वर्षी गडावर उत्सव घडवला. दोघांनी वेगवेगळ्या अंगांनी महाराजांना लोकांपुढे आणले, हे आठवीच्या पुढच्या मुलांना नीट समजते.

नाशिक जिल्ह्यातील शाळेने प्रतापगड आणि पन्हाळा यांच्यावरच थांबणे मला पटत नाही. बागलाण तालुक्यातील साल्हेर हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला आहे आणि १६७२ च्या आरंभी त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगली फौजेचा खुल्या मैदानात पराभव केला, ज्यात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी नेतृत्व केले आणि सूर्याजी काकडे धारातीर्थी पडले. १६७० मध्ये सुरतेहून परतताना महाराजांची मोगलांशी गाठ पडली ती वणी-दिंडोरीच्या परिसरात. पेठ रस्त्यावरून दिसणारा रामशेज किल्ला संभाजी महाराजांच्या काळात मोगलांशी कित्येक वर्षे झुंजला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत साल्हेर आहे. जिल्ह्याचा मोठा नकाशा फळ्यावर लावून मुलांना ही ठिकाणे दोऱ्याने आपल्या शाळेशी जोडायला लावा. दिंडोरीहून रोज येणारी मुलगी आपल्या गावावर टाचणी खोचते, तेव्हा इतिहासाच्या तासाला कधी न बोलणारी तीच मुलगी वर्गाला रस्ता समजावून सांगू लागते.

दिवसाचा क्रम साधा ठेवा. राष्ट्रगीत, मग राज्यगीत, प्रतिमापूजन, पाळणा, पोवाडा, लेझीम आणि मुलांनी सांगितलेली किल्ल्यांची माहिती एवढे पुरेसे आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून अंगीकारलेले आहे. राज्यगीत म्हणून त्याची दोन चरणांची आवृत्ती म्हणायची असते, पूर्ण गीत लावण्याची चूक टाळा.

वेशभूषेत तीन गोष्टी पाहा. तलवार पुठ्ठ्याचीच असावी, पत्र्याचीही नको. वेश भाड्याने आणण्याची सक्ती करू नका, घरातले धोतर, शेला आणि आजोबांचा फेटा यांतून मावळा उभा राहतो आणि ज्याच्या घरी पैसे नाहीत ते मूलही रांगेत येते. मुलींना फक्त जिजाऊंच्या भूमिकेत अडकवू नका, लेझीम, पोवाडा आणि निवेदन यांत त्यांना बरोबरीने घ्या. मिरवणूक असेल तर ती सकाळी दहाच्या आत संपवा, कारण सकाळी स्वेटर लागत असला तरी दुपारचे ऊन भाजते आणि जरीच्या कपड्यांतली लहान मुले लवकर कोमेजतात. पाणी, ग्लुकोज आणि प्रथमोपचार पेटी घेऊन एक शिक्षक रांगेच्या शेवटी चालला पाहिजे.

५. एकवीस आणि तेवीस : छोटे दिवस

२१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बांगला भाषेच्या मान्यतेसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि त्या स्मरणार्थ युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जागतिक मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. नाशिकच्या वर्गात मराठीखेरीज अहिराणी, कोकणा, हिंदी, उर्दू आणि गुजराती बोलणारी मुले असतात. परिपाठात पाच मुलांनी आपापल्या घरच्या भाषेत एक छोटी गोष्ट सांगावी, एवढाच कार्यक्रम ठेवा.

गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसे झाडायची, हा त्यांचा क्रम होता. नाशिकमध्येही त्यांची धर्मशाळा आहे आणि गोदावरीवरील एका पुलाला त्यांचे नाव आहे. त्या दिवशी भाषण ठेवू नका. शिक्षकांसह सर्वांनी अर्धा तास शाळा झाडावी, आणि त्यात स्वच्छतागृहाची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी. फोटोपुरता झाडू हातात धरण्याचा प्रकार मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

६. मराठी भाषा गौरव दिन : नाशिकचा घरचा दिवस

वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, यांचा हा जन्मदिवस. २७ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचा जन्म पुण्यात झाला, पण बालपण पिंपळगाव बसवंत आणि नाशिक येथे गेले, माध्यमिक शिक्षण आजच्या रुंगटा हायस्कूलमध्ये झाले आणि आयुष्याचा मोठा काळ या शहरातच सरला. १९३२ मध्ये काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात तरुण शिरवाडकर सहभागी झाले होते. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला आणि १० मार्च १९९९ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. राज्य शासनाने २०१३ मध्ये निर्णय घेऊन त्यांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करण्याचे ठरवले.

फलक रंगवण्याआधी दोन गोष्टी तपासा. या दिवसाला सर्रास "मराठी राजभाषा दिन" म्हटले जाते, ते चुकीचे आहे. राजभाषा दिन १ मे रोजी असतो, कारण राजभाषा अधिनियमाची अंमलबजावणी १ मे १९६६ पासून झाली. दुसरे, मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी सुमार ओळींखाली कुसुमाग्रजांचे नाव चिकटवलेले असते. छापील पुस्तकात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही ओळ फलकावर किंवा सूत्रसंचालनात घेऊ नका. पुस्तके मिळवणे आपल्या शहरात अवघड नाही. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज प्रतिष्ठान आहे आणि त्याच प्रतिष्ठानने सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही पुस्तकपेट्यांची योजना आहे.

तयारीसाठी तीन आठवडे हवेत. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गाने एक कवी किंवा लेखक निवडावा, आणि सगळ्या वर्गांनी कुसुमाग्रजच घेऊ नयेत, कारण दिवस भाषेचा आहे. बहिणाबाई, बालकवी, शांता शेळके, नारायण सुर्वे, जवळचे वाटतील ते निवडू द्या. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी घरातून भाषा गोळा करावी : आजीच्या ओव्या, उखाणे, कोडी, म्हणी, शेतीतल्या अवजारांची आणि द्राक्षबागेतल्या कामांची नावे. हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. सटाण्याकडच्या एका मुलाने आजीकडून अहिराणी ओव्या उतरवून आणल्या होत्या. वहीचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला, मधे मधे खाडाखोड, एका ओळीपुढे कंसात "आजी हे म्हणताना थांबली" असे लिहिलेले. शिक्षकांनी ते "शुद्ध" करून देण्याचा मोह आवरला आणि ओव्या जशा होत्या तशाच हस्तलिखितात लावल्या. तसेच करत जा. तिसऱ्या आठवड्यात हस्तलिखित बांधावे आणि वाचनाचा सराव घ्यावा.

ग्रंथदिंडी हा या दिवसाचा मानाचा भाग. पालखी भाड्याने आणण्याऐवजी बाक उलटे करून त्याला बांबू बांधा आणि झेंडूच्या माळा लावा. पालखीत ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा यांच्यासोबत मुलांचे हस्तलिखितही ठेवा. टाळ दहा-बारा जोड पुरतात. पालखीचे भोई दर दोनशे पावलांवर बदला, कारण उत्साहाच्या भरात मुले खांदा दुखतो आहे हे सांगत नाहीत. शाळा गंगापूर रोडच्या बाजूला असेल तर कुसुमाग्रज स्मारकापर्यंत जाता येते, मात्र त्या दिवशी तिथे गर्दी असल्यामुळे आधी व्यवस्थापनाशी बोलून वेळ ठरवून घ्या. इतर शाळांनी आपल्याच वस्तीतून एक फेरी काढली तरी पुष्कळ आहे, घराघरांतून लोक ओवाळायला बाहेर येतात.

पाहुणा बोलावताना वीस मिनिटांची मर्यादा निमंत्रणपत्रातच लिहा. माझ्या मते पाहुण्याऐवजी मुलांनी दोन कविता अधिक वाचाव्यात. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मुलांना रोमन लिपीत लिहिलेले भाषण पाठ करून घेण्याची पद्धत दिसते, ती सोडा. चार ओळी देवनागरीत वाचता आल्या तर त्या अधिक मोलाच्या.

७. विज्ञान दिन : प्रयोग योग्य नावाने सांगा

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यातील आपल्या संशोधनाची घोषणा केली, १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. १९२१ च्या समुद्रप्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना पडलेला प्रश्न मुलांना हमखास भावतो.

काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात दुधाचे काही थेंब टाका, खोली अंधारी करा आणि एका बाजूने टॉर्च लावा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते आणि समोरून पाहिले तर प्रकाश पिवळसर-तांबूस दिसतो. हा प्रयोग अवश्य दाखवा, पण तो "रामन परिणाम" आहे असे सांगू नका, आणि ही चूक फार ठिकाणी होते. इथे प्रकाश नुसता विखुरतो. रामन परिणामात विखुरलेल्या प्रकाशाच्या अगदी अल्प भागाची तरंगलांबीच बदलते आणि ते पाहण्यासाठी वर्णपटमापक लागतो. नववी-दहावीच्या मुलांना हा फरक स्पष्ट सांगितला तर त्यांची जिज्ञासा वाढते.

बाजारातून थर्माकोलचे तयार प्रकल्प आणणाऱ्यांना स्पर्धेत घेऊ नका. मुलाने स्वतः जोडलेला, अडखळत चालणारा विद्युतमंडल अधिक गुणांचा. शहरातील शाळांना महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण तारांगणाची भेट ठेवता येते, नोंदणी मात्र जानेवारीतच करा.

८. कार्यक्रमानंतरच्या दोन दिवसांत

प्रत्येक कार्यक्रमाचा एक पानी अहवाल त्याच आठवड्यात लिहा. दिनांक, सहभागी विद्यार्थ्यांची संख्या, काय केले, किती खर्च झाला आणि पुढच्या वर्षी काय बदलायचे एवढे त्यात असावे. अहवाल उपक्रम नोंदवहीत चिकटवा आणि छायाचित्रे निवडताना रांगेतल्या शेवटच्या मुलांचेही फोटो घ्या. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर पालकांच्या संमतीपत्रात त्याचा स्वतंत्र उल्लेख हवा.

वाचनालयातून आणलेली पुस्तके, भजनी मंडळाकडून घेतलेले टाळ आणि पालकांकडून आलेले फेटे यांची यादी आणतानाच करा, कारण मार्च लागला की सगळे परीक्षांच्या कामात बुडतात आणि एखाद्या आजोबांचा फेटा जूनपर्यंत प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहतो. मुलांचे हस्तलिखित मात्र कपाटात ठेवू नका, शाळेच्या ग्रंथालयात त्याला दाखल क्रमांक देऊन इतर पुस्तकांबरोबर फळीवर लावा, म्हणजे पुढच्या वर्षीची मुले ते मागून घेऊन वाचू शकतील.